वही बाजूला ठेवा, किराणा यादी हातात द्या : लेकरांना घरीच वाचायला-लिहायला लावायचे खेळ

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या सेलूला एप्रिल-मे मधे दुपारी बारानंतर बाहेर पाय ठेवायची सोय नसते, कूलर लावून सगळे एका खोलीत अन् त्यात दोन लेकरं. मोबाईल द्या नाहीतर भांडणं बघा. दोन वर्षाखाली अशाच सुट्टीत थोरलीची पहिली संपली होती, तर मी मोठ्या हौसेनं रोज एक पान शुद्धलेखन लावून दिलं. दहा दिवसात अक्षर एकदम मोत्यावानी झालं पण वही दिसली की लेकराच्या पोटात दुखायला लागायचं. अन् खरी गंमत पुढं आहे, जे पान तिनं स्वतःच्या हातानं उतरवलं तेच वाच म्हणलं तर वाचता येईना. म्हणजे बाई लिहीत नव्हतीच, बघून बघून चित्र काढत होती.

तेव्हा वही ठेवली माळ्यावर आणि एकच नियम धरला, घरात जे काही लिहिलं किंवा वाचलं जाईल त्यानं काहीतरी घडलं पाहिजे. चिठ्ठी वाचली तर खाऊ सापडावा, यादी लिहिली तर सामान यावं, मेसेज टाकला तर मामाचं उत्तर यावं. मी काही शिक्षिका नाही, घर सांभाळून शिलाईकाम करते, त्यामुळं खालचं सगळं स्वयंपाक करता करता नाहीतर मशीनवर बसल्या बसल्या जमण्यासारखं आहे. धाकटा आता सहा वर्षाचा, यंदा पहिलीत जाईल, थोरलीची तिसरी झाली. दोघांवर करून बघितलेलं सांगायलेय, काही फसलेलं पण सांगते.

सुरू करायच्या आधी लेकरू कुठल्या पायरीवर आहे ते बघा, वर्ग कितवा हे विसरा. 'प्रथम' संस्थेचा असर नावाचा सर्व्हे २००५ पासून गावागावात होतो, त्यात लेकरासमोर चारच गोष्टी ठेवतात : सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी पण हे पाच मिनिटात होतं. तिसरीतलं लेकरू शब्दावर अडत असेल तर शब्दाचेच खेळ खेळायचे, तिसरीचं पुस्तक पुढ्यात धरून रडवण्यात काही अर्थ नाही.

आधी कान, मग बोट

पेन्सिल लई उशिरा येते. पहिले कान तयार व्हायला पाहिजेत. त्यासाठी आपल्या भेंड्या आहेतच की, फक्त गाण्याच्या नाही, शब्दाच्या. मी म्हणायचं 'भाकर', त्यानं 'र' वरून 'रताळं', मग मी... अडकले. कारण ळ वरून शब्दच सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी 'ण' वर तसंच झालं. मी काही सांगितलं नव्हतं, पण लेकराला आपोआप कळलं की ण अन् ळ कधीच पहिल्या बाकावर बसत नाहीत. मग धाकट्यानं मुद्दाम बाळ, फळ, नळ, कान, कण असले शब्द शोधून मला हरवायचा धंदा सुरू केला ('कान' चा न चालतो हे त्याला नंतर कळलं). यात कागद नाही पेन नाही, पण शब्दाचा शेवटचा आवाज वेगळा काढता येणं हे वाचनाच्या निम्म्या कामाचं आहे.

बोटासाठी परात. भाकरी थापायच्या आधी परातीत ज्वारीचं पीठ पसरलेलं असतंच, त्यात धाकटा बोटानं अक्षर काढतो, मी हात फिरवला की पाटी कोरी. जुन्या काळी लेकरं धुळीत नाहीतर वाळूत बोटं फिरवूनच शिकायची, धुळाक्षरं हा शब्द त्यावरनंच आला. पिठात चूक टिकत नाही, खोडरबर लागत नाही, म्हणून लेकरू घाबरत नाही. एक सांगते, हे लुगड्यावर, जमिनीवर, सगळीकडं होतं, तेवढी तयारी ठेवा.

अक्षरं कुठली आधी? अ आ इ ई पासून सुरू करू नका बाप्पा. 'इ' काढणं केवढं अवघड आहे बघा स्वतः काढून. पाटीवरचं जुनं ग म भ न च बरं, सगळ्यांना एक उभी दांडी, हात एकाच वळणानं फिरतो. आणि दुसरा फायदा म्हणजे चार अक्षरात लगेच शब्द होतात : मग, नग, मन, नभ, गगन. त्यात फक्त एक 'र' टाका, बघा काय होतं : नगर, मगर, गरम, नरम, भर. मग एकटा काना द्या : नाग, मान, भाग, राग, मामा, नाना. पाच अक्षरं अन् एक काना, एवढ्यात लेकराला वीस-पंचवीस शब्द वाचता येतात, आणि 'मला वाचता येतंय' ही जी हवा डोक्यात जाते ना, ती लई कामाची. बावन्न अक्षरं पाठ होईपर्यंत शब्दच द्यायचा नाही, ही पद्धत मला कधीच पटली नाही.

गोंधळ होणारच. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, ड आणि ह. आमच्या घरी तर रव्याच्या डब्यावर मी 'रवा' लिहिलं होतं, ते आमच्या धाकट्या साहेबांनी 'खा' वाचलं आणि दोन मुठी कच्चा रवा खाल्ला. चूक त्याची नव्हती, माझा र अन् व इतका चिकटला होता की ख झाला होता. पाच-सहा वर्षाची लेकरं अक्षर आरशातल्यावानी उलटं पण काढतात, त्याला लगेच घाबरून जाऊ नका, बऱ्याच लेकरांचं आपोआप सरळ होतं.

बोटात ताकद पाहिजे ती लिहून येत नाही, कामातून येते. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, लसूण सोलणं, ज्वारीतले खडे निवडणं, रांगोळीचे ठिपके, कणकेच्या उंदीर-सापाच्या आकृत्या. शेंगा फोडायला दिल्या की निम्म्या पोटात जातात, जाऊ द्या.

चिठ्ठीचा खजिना

हा आमच्या घरातला एक नंबरचा खेळ, अजून पण रविवारी होतो. पाच-सहा चिठ्ठ्या करायच्या, पहिली हातात द्यायची, त्यात दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा, शेवटी चिक्की नाहीतर बोरं नाहीतर नुसतंच 'आज रात्री गच्चीवर झोपायचं'. मोठं बक्षीस ठेवू नका, मग लेकरू चिठ्ठी वाचायच्या ऐवजी घर उलथंपालथं करून डायरेक्ट बक्षीसच शोधतं. आमच्याकडं झालंय, सगळे डबे उघडे पडले होते.

चिठ्ठी लेकराच्या पायरीची पाहिजे. नुकतं अक्षर जोडायला लागलेल्याला काना-मात्रा नसलेलीच चिठ्ठी : नळ बघ. परस बघ. छत बघ. वर बघ. जरा वाचायला लागलं की : माठाखाली बघ, आजीच्या पिशवीत हात घाल. आणि तिसरीवाल्यांना जोडाक्षराची : चष्म्याच्या डब्यात, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीला प्रदक्षिणा मारून मग डाव्या हाताला. दोन लेकरं असतील तर एक सोपी एक अवघड अशी आलटून पालटून ठेवा म्हणजे थोरलीला धाकट्यासाठी थांबावं लागतं आणि ती चिडून त्याला शिकवते. भांडतात, पण वाचतात.

दोन आठवडे झाले की डाव उलटा करा. आता लेकरानं चिठ्ठ्या लिहायच्या, लपवायच्या, आणि शोधायचं आपण. खरं लिहिणं इथं सुरू होतं. पहिल्यांदा धाकट्यानं लिहिलं 'पाठ बघ'. मी काय केलं, त्याला धरलं, फिरवलं, सदरा वर केला आणि पाठ बघायला लागले, म्हणलं इथं तर काहीच नाही. ते लोळून हसतंय अन् ओरडतंय की अगं पाठ नाही, बसायचा पाट! मग स्वतःच चिठ्ठी घेऊन गेलं आणि ठ च्या ऐवजी ट करून आणला. मी चूक काढली नाही की दुरुस्त कर म्हणले नाही. जे लिहिलंय ते जसंच्या तसं करून दाखवायचं, बस. लाल पेनापेक्षा हे शंभर पटीनं बरं, आणि आपली पण करमणूक.

पण हां, दरवेळी नाही. 'उशि खाली बग' लिहिलं तर गुपचूप जाऊन उशीखाली बघायचं. अर्थ कळतोय ना, मग वेलांटी पहिली का दुसरी यावरून पहिलीतल्या पोराचं डोकं खाऊ नये. तिसरी-चौथीत येईल ते.

डाळ आणि डाळं

किराणा यादी लेकरानं लिहायची हा आमच्याकडं आता कायदाच झालाय. मी स्वयंपाकघरातून ओरडते, थोरली ओट्याला टेकून लिहिते, मग आजोबाबरोबर स्वतः दुकानात जाऊन स्वतः वाचून दाखवते. मागच्या वर्षी सुशीला करायचा होता. बाहेरगावच्या लोकांना सांगते, सुशीला म्हणजे बाई नाही, आमचा मराठवाड्यातला नाश्ता आहे, मुरमुरे पाण्यात बुडवून पिळून घ्यायचे, शेंगदाणे-कांदा-मिरचीची फोडणी आणि वरून डाळ्याचं कूट. तर मी सांगितलं 'डाळं पावशेर', हिनं लिहिलं 'डाळ पावशेर', आणि आली पावशेर तूरडाळ घेऊन. वर मलाच म्हणते मी बरोबर लिहिलं होतं, दुकानदारानं चुकीचं दिलं. मी म्हणलं वाच बरं काय लिहिलंय. वाचलं. डाळ. परत वाचलं. मग तोंड बघण्यासारखं झालं होतं, एका टिंबानं आमचा नाश्ता गेला होता! परत पाठवलं, जाताना टिंब देऊन गेली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरभर टिंबाचाच खेळ. तळ - तळं. भांड - भांडं. घर - घरं. पान - पानं. एका जागी अर्थ बदलतो, दुसऱ्या जागी एकाचे अनेक होतात, हे सगळं तिचं तिनं शोधलं. शाळेत अनुस्वाराचा धडा झाला होताच, पण तो पाव किलो तूरडाळीएवढा डोक्यात बसला नव्हता.

यादीनंतरची पायरी म्हणजे रेसिपी. सुशीलाचीच कृती तिला लिहायला लावली, आणि मग ती कृती वाचत वाचत मी जसंच्या तसं केलं. तिनं 'मुरमुरे भिजवा' लिहिलं पण 'पिळा' लिहिलंच नाही, मी नाही पिळले. लगदा झाला. खाल्ला आम्ही गपचूप. दुसऱ्यांदा लिहिलेल्या कृतीत पिळा शब्दाखाली दोन रेघा होत्या. क्रमानं लिहिणं, काही न विसरता लिहिणं, निबंधात बाईंना पाहिजे असतं ते हेच.

गावातल्या बॅनरवरची शाळा

पुस्तकं कमी असतील घरात, पण गावात वाचायला काय कमी आहे. आपल्याकडं प्रत्येक चौकात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस टांगलेला असतो. मी भाजीला जाताना धाकट्याला बरोबर नेते आणि एका बॅनरपाशी दोन मिनिटं थांबते. फोटो मोठा, अक्षर मोठं, आणि तेच तेच शब्द प्रत्येक बॅनरवर, म्हणजे सरावाला एक नंबर. आमच्या पोरानं आयुष्यातला पहिला अवघड शब्द वाचला तो 'शुभेच्छुक'. सगळीकडं तोच लिहिलेला, मग त्याला वाटलं शुभेच्छुक नावाचा कोणीतरी लई मोठा माणूस आहे गावात.

थोरलीसाठी त्याच बॅनरवर र शोधायचा खेळ. मराठीत र चार रूपं घेतो आणि तिथंच लेकरं गार होतात. पण बॅनरवर चारही मिळतात बघा : 'हार्दिक' मधे डोक्यावर बसलेला, 'प्रेरणास्थान' मधे पोटात तिरपा, 'महाराष्ट्र' मधे खाली टोपीवानी, आणि 'शेतकऱ्यांचा कैवारी' मधे तो आडवा डोळ्यावानी. एका बॅनरवर चारही सापडले तर जॅकपॉट, त्या दिवशी पाणीपुरी. नेते लोकांचा एवढा तरी उपयोग.

एसटी स्टँडवर बसची वाट बघताना पण हेच. बोर्ड वाच, कुठं चालली, कुठल्या मार्गे. रेल्वेनं जालन्याकडं जाताना एकदा थोरली म्हणली, आई परभणी अन् परतूर दोन्हीत पर आहे. मी म्हणलं परळीत पण आहे. बस, तेवढ्यावर अर्धा तास गेला, अजून कशात पर आहे : परात, परवा, परकर, परस. नुसता एक तुकडा ओळखून शब्द झटक्यात वाचणं जमायला लागलं की लेकरू एकेक अक्षर फोडत बसत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटचा खेळ पण पोरांना आवडतो, एमएच २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, आणि हिंगोली नंतर वेगळं झालेलं म्हणून एकदम ३८. कागदावर आठ जिल्ह्यांची नावं लिहायची आणि गाडी दिसली की पुढं रेघ मारायची.

आज्जीची वही

आमच्या सासूबाई गंगाखेडकडच्या, जनाबाईच्या गावच्या. सही येते, वाचता येत नाही. पण तोंडात ओव्या, म्हणी, कोडी इतकी की विचारू नका. लाईट गेली की अंगणात बाज टाकायची आणि सुरू. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे? सूपभर लाह्या, त्यात एक रुपया? (पहिल्याचं उत्तर तोंड, दुसऱ्याचं चांदण्या अन् चंद्र, तुम्हाला माहीतच असेल.) मी थोरलीला म्हणलं ही कोडी लिहून ठेव, आज्जीला एकदा विसरली की गेली. जुन्या कॅलेंडरचे कागद कापले, पाठीमागची कोरी बाजू, एका बाजूला कोडं, दुसऱ्या बाजूला उत्तर. आता पाहुणे आले की हा गठ्ठा घेऊन बसते आणि वाचून विचारते, म्हणजे न सांगता मोठ्यानं वाचायचा सराव.

आज्जी सांगते भराभर आणि लेकराचा हात चालतो हळू, म्हणून 'थांब की गं आज्जे' असं शंभरदा होतं. त्यात एक अडचण आली. आज्जी म्हणते 'पानी', 'हाय', 'कामून'. थोरली म्हणली बाई तर पाणी लिहायला लावतात, मी काय लिहू? मी म्हणलं आज्जीच्या वहीत आज्जी बोलते तसंच लिही, शाळेच्या वहीत शाळेसारखं. काही लोकांना हे पटत नाही, लेकराची भाषा बिघडते म्हणतात. मला तर उलट दिसलं, दोन्हीतला फरक तिला कानानं कळायला लागला, आता टीव्हीवर कोणी बोललं की सांगते हे आज्जीच्या वहीतलं का शाळेच्या.

आणि आज्जीला वाचता येत नाही हा आमच्यासाठी फायदाच झाला, हे म्हणायला बरं वाटत नाही पण खरं आहे. धाकट्याला मला वाचून दाखवायचा कंटाळा, कारण मला सगळं येतं, मी मधेच शब्द सांगते. आज्जी सांगू शकत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर आम्ही चिठ्ठी लावतो 'सकाळी', 'रात्री', ती वाचून द्यायचं काम त्याचं (गोळी आम्हीच देतो, तेवढं लक्ष ठेवा). पेपरमधली मोठी अक्षरं आज्जीला वाचून दाखवायची. तो अडखळतो, ती शांत बसून राहते, घाई करत नाही. असा श्रोता विकत मिळत नाही. घरात आज्जी नसेल तर शेजारची धरा.

मामाला मेसेज

मामा पुण्याला. पूर्वी व्हॉइस मेसेज जायचे, आता नियम केला, बोलायचं नाही, टाईप करायचं, मराठी कीबोर्डवर. एक ओळ लिहायला दहा मिनिटं जातात पण काना-मात्रा वेगळी दाबावी लागते म्हणून शब्द कसा बनतो ते लेकराला बोटानं कळतं. मामाला आधीच सांगून ठेवलं, थम्सअप टाकायचा नाही, प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर द्यावं लागतं. पोस्टकार्ड पण टाकून बघा, पन्नास पैशाला मिळतं, पेटीत स्वतः टाकलेलं पत्र आठवड्यानं मामाच्या हातात फोटोत दिसतं तेव्हा चेहरा बघा लेकराचा.

आमच्या गल्लीत एक पोरगा आज्जीजवळ राहतो, आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात येतात. तो पण आमच्यातच खेळतो. त्याच्यासाठी आम्ही एवढंच केलं, रोज संध्याकाळी पाटीवर दोन ओळी लिहायच्या, आज काय झालं ते, आणि माझ्या फोनवरून पाटीचा फोटो त्याच्या बापाला पाठवायचा. पहिल्या दिवशी फक्त 'शेळी याली' (म्हणजे व्याली) एवढंच होतं. नंतर नंतर पाटीच्या दोन्ही बाजू पुरेनात. त्याचा बाप जेमतेम सातवी शिकलेला, पण तो पण कागदावर लिहून फोटो पाठवायला लागला.

पुस्तकं कुठून आणायची

विकत घेतलीच पाहिजेत असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या वेबसाईटवर फुकट वाचायला मिळतात, मी तर माझ्या लहानपणचा अंक शोधून काढला आणि स्वतःच वाचत बसले, लेकरं राहिली बाजूला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साईटवर मराठीत चित्राच्या गोष्टी आहेत, पायरीप्रमाणे लावलेल्या, डाउनलोड पण होतात. मोबाईलवर वाचायला दिलं तर नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर गोष्ट तिसऱ्या पानावर आणि लेकरू रील्सवर.

झोपताना दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा. लेकराला वाचता यायला लागलं तरी बंद करू नका, कारण त्याला जे वाचता येतं त्यापेक्षा अवघड गोष्ट त्याला ऐकून कळते आणि नवे शब्द तिथून येतात. एकच पुस्तक वीस वेळा वाच म्हणतील, वाचा. विसाव्या वेळेला ते पाठच असतं, मग बोट ठेवून ते तुम्हाला वाचून दाखवतं. गणपतीच्या दिवसात आरतीचं पुस्तक हातात देऊन हेच करता येतं, तोंडपाठ आहेच, फक्त बोट शब्दावर पाहिजे.

नाव-गाव-फळ-फूल, राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या हे तर तुम्हाला माहीत आहेच, फक्त चिठ्ठ्या लेकरालाच लिहायला लावा.

फसलेले प्रकार

घरातल्या सगळ्या वस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, खुर्ची, दार, टीव्ही. तीन दिवसांनी कोणी बघेना, कारण खुर्चीला खुर्ची म्हणतात हे न वाचताच कळतं. मग रात्री चिठ्ठ्या अदलाबदल करून ठेवायला लागले, माठावर 'टीव्ही' आणि बाबाच्या पाठीवर 'म्हैस', सकाळी चुका शोधा. तेव्हा परत जीव आला. रोजनिशी पण फसली, 'सकाळी उठलो दात घासले' च्या पुढं गेलीच नाही. आणि शिक्षा म्हणून लिहायला लावणं, दहा वेळा लिही, ते तर करूच नका, माझ्या पहिल्या वहीचं काय झालं ते वर सांगितलंच.

दिवसाला पंधरा मिनिटं खूप झाली. लेकरू कंटाळायच्या आधी बंद करा.

एक मात्र लक्ष ठेवा. दुसरी-तिसरीत जाऊन, रोज खेळून सुद्धा अक्षरं ध्यानातच राहत नसतील, ओळ सुटत असेल, बोलताना हुशार आणि कागदासमोर गप्प असं असेल तर आळशी म्हणून मारू नका. पहिले डोळे तपासा, कान तपासा. ते ठीक असतील तर बालरोगतज्ज्ञाला विचारा, अध्ययन अक्षमता नावाचा प्रकार असतो, त्यात लेकराचा काही दोष नसतो, वेगळ्या पद्धतीनं शिकवलं की शिकतात, आणि तसं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती पण मिळतात.

गावांची बाराखडी

सगळ्यात शेवटचा खेळ या उन्हाळ्यात निघाला, थोरलीनंच काढला. बाराखडी पाठ करायला तिला जीव नको वाटायचा, तर म्हणली प्रत्येक अक्षराला मराठवाड्यातलं गाव लावू. मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि 'क' पासून सुरू. क - कळंब. का - कासार सिरसी. कि - किनवट. कु - कुंथलगिरी (इथला खवा आठवून बाबा मधेच गप्प झाले). के - केज. कौ - कौठा. कं - कंधार. नियम एकच, ज्यानं गाव सांगितलं त्यानंच लिहायचं, म्हणून आजोबाला पण चष्मा लावून उठावं लागतं. 'म' ला तर गर्दीच झाली, मंठा, माजलगाव, मानवत, मुखेड, मुदखेड, मुरूड. पाहुणा आला की आधी पाणी, मग विचारतात तुमच्या गावाचं पहिलं अक्षर काय.

'को' साठी परवा एसटीतल्या कंडक्टरनं कोल्हा सांगितलं, परभणी रोडवरचं. 'की' आणि 'कू' चे रकाने मात्र अजून रिकामेच आहेत, तुमच्याकडं असं एखादं गाव असेल तर सांगा, थोरली रोज विचारायलीय.